आपली चूल शोधा

भोंडल्याला पाणीपुरीचा स्टॉल लावायचा नाही, एवढंच मी सोसायटीच्या बैठकीत म्हणाले, तर निम्म्या लोकांनी मी त्यांच्या पोटावर पाय दिल्यासारखी तोंडं केली. केली तर केली. मी आहारतज्ज्ञ आहे. काय खाऊ नका हे लोकांना सांगूनच माझं पोट भरतं, तेव्हा वाईटपणा घ्यायची मला सवय आहे. त्या वर्षी भोंडल्याचा कुटुंब-पोषण मेळावा करायचा असं सगळ्यांनी हात वर करून ठरवलं होतं. मग पोषणाच्या मेळाव्यात पाणीपुरी कशाला?

खेळ ठरवायचं काम माझ्याकडे आणि कादंबरीकडे आलं. कादंबरी बिरनाळे म्हणजे माझी समोरच्या दारची. आमची सई जन्मली तेव्हा मी शुद्धीवर येण्याआधी तिला मांडीवर घेणारी ही. सई आता शिकायला बंगळूरला आहे आणि अजूनही पहिला फोन हिलाच करते. आम्ही दोघी कादंबरीच्या जेवणाच्या टेबलाशी बसून खेळ रचत होतो आणि खिदळत होतो.

भाषण एकही द्यायचं नाही हे आम्ही आधीच ठरवलं होतं. पोषणाचं नाव काढलं की लोक जांभया देतात. म्हणून धान्यांच्या घरांची लंगडी. ज्वारीच्या घरात उडी पडली की ज्वारीचा एक पदार्थ सांगायचा, नाही आला तर बाद. नवरेमंडळींसाठी ताट वाढायची शर्यत. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, आणि प्रमाणही बरोबर हवं. भोंडल्याची गाणी संपली की डबा खुळखुळवून आत काय खिरापत आहे ते ओळखायला लावतात ना, तो खेळ आम्ही नाक दाबून एक घास खायचा आणि मग ओळखायचं असा केला. चवीचं निम्म्याहून जास्त काम नाक करतं, हे पोरांना त्याशिवाय पटत नाही. हे सगळं कादंबरीला आवडलं. नको होता तो एकच खेळ, आणि तो माझा सगळ्यात लाडका होता.

तो खेळ 'दरवळ'चा. पण त्याआधी माझ्या घरातलं सांगायला हवं.

माझ्या नवऱ्याच्या, हृषीच्या, दोन्ही किडन्या साखरेनं निकामी होत आल्या होत्या. डायलिसिसवर जायच्या आत माझी एक किडनी त्याला बसवायची असं ठरलं होतं. माझ्या तपासण्या झाल्या होत्या, सगळं जुळत होतं. अडलं होतं एकाच गोष्टीवर. डॉक्टर मुळीकांनी स्पष्ट सांगितलं होतं, की साखर सलग तीन महिने ताब्यात दिसल्याशिवाय मी हात लावणार नाही, नाहीतर ती तुमचीही किडनी खाऊन टाकेल. दोनदा तारीख पुढे गेली होती. दिवाळीपर्यंत जमलं नाही, तर डायलिसिस टळणार नव्हतं.

हृषीच्या दंडावर साखर मोजणारी चकती होती. तिच्यावरून त्याची साखर दिवसभर माझ्या फोनवर दिसायची. सकाळी चांगली, दुपारी चांगली, आणि संध्याकाळी तो फिरायला गेला की चढायची. चालल्यावर साखर उतरते, याची चढते कशी? मी पुस्तकं काढली, पुण्याच्या माझ्या सरांना विचारलं. ते म्हणाले, काळजीनंही चढते. मग मी त्याची काळजी कमी व्हावी म्हणून घरात मोठ्यानं बोलायची थांबले. माझ्यासारखीनं. भाकरी अर्धी केली, भात बंद केला, आणि त्याला एकट्याला वाईट वाटू नये म्हणून मीही तेच अळणी खाऊ लागले. माझं वजन उतरलं, त्याची साखर नाही. कादंबरी माझ्या पाठीवरून हात फिरवायची आणि म्हणायची, येईल गं खाली, धीर धर.

दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याची अशी चकती असती, तर मी पहिल्याच भेटीत विचारलं असतं, संध्याकाळी बाहेर काय चरता? नवऱ्यावर मी विश्वास ठेवला. त्यासाठीच तर केला होता ना तो.

आता 'दरवळ'. दुधाच्या किटलीएवढं यंत्र, त्याला एक नळी, नळीच्या टोकाला कागदाचं भिरभिरं. फुंकर मारली की भिरभिरं फिरतं, पोरं खूश. खरं काम आत चालतं. ते यंत्र घेऊन पुण्याहून तेजल नावाची मुलगी आली होती. तिनं आम्हाला दोघींना समजावलं ते असं. आपल्या आतड्यात अब्जावधी जंतू राहतात. आपण जेवतो तेव्हा तेही जेवतात, आणि जेवून झालं की वेगवेगळे वायू सोडतात. ते वायू रक्तात मिसळतात, तिथून फुप्फुसात येतात आणि श्वासातून बाहेर पडतात. आपल्या नाकाला त्यातलं काही कळत नाही, यंत्राला शेकडो वास वेगळे ओळखता येतात.

पुढची गोष्ट मला फारच आवडली. ज्यांचं अन्न एका चुलीवर शिजतं, त्यांच्या पोटातले जंतू हळूहळू एकसारखे होतात. तेच पाणी, तेच आंबवलेलं पीठ, तेच दही, तेच वाढणारे हात. म्हणजे प्रत्येक स्वयंपाकघराचा आपला एक वास असतो आणि तो घरातल्या सगळ्यांच्या श्वासात सापडतो. कुठल्या घरातून विषबाधा पसरली हे शोधायला हे यंत्र बनवलं होतं. मग लक्षात आलं, की याचा खेळही छान होतो. नाव न सांगता फुंकर मारायची, यंत्र रंगाचा बिल्ला देतं, आणि त्या रंगाची माणसं शोधून एका वर्तुळात उभं राहायचं. मी खेळाचं नाव ठेवलं, 'आपली चूल शोधा'.

मी शंका काढली, की शेजारीपाजारी विरजण नेतात, मग गोंधळ नाही का होणार? तेजल म्हणाली, मॅडम, उसनं विरजण महिन्याभरात तुमच्या घरचं होतं, तुमच्या भांड्यातलं, तुमच्या हवेतलं. आणि एखाद्या लग्नात जेवून आलात, म्हणून यंत्र फसत नाही. त्याला रोजचा घास कळतो. कादंबरी तेव्हा उठून चहा टाकायला गेली. परत आली ती म्हणतच, की मशीन नको बाई, त्यापेक्षा पोरांना लंगडीच दोनदा खेळवू. मी तिला म्हटलं, तू अडाण्यासारखं बोलू नकोस. आणि यादीत 'दरवळ' लिहून टाकलं.

मेळावा झाला नवरात्रातल्या रविवारी, सोसायटीच्या हॉलमध्ये. मधोमध पाटावर हत्ती काढला होता. गाणी झाली, लंगडीत दोन आज्या शेवटपर्यंत टिकल्या, ताट वाढायच्या शर्यतीत बँकेतल्या एका साहेबांनी लोणच्याची फोड वरणात ठेवली आणि त्यांच्या बायकोनं कपाळाला हात लावला. मी तर हवेत होते. मग 'दरवळ' सुरू झालं आणि हॉलमध्ये हसण्याचा गलका उठला. भिंतीवरून भांडून वेगळे झालेले कोरे बंधू एकाच रंगाचे निघाले. आई दोघांना चोरून डबे पाठवत होती. एका नव्या सुनेचा रंग अजून माहेरचाच होता, तिची आई खालच्या मजल्यावर राहते. सासूबाईंनी तिच्याकडे बघून नुसतं 'हं' केलं.

मला हिरवा बिल्ला मिळाला. हिरव्या वर्तुळात मी एकटीच उभी. हृषी कुठे आहे म्हणून पाहिलं, तर तो मागच्या स्वयंपाकघरात कादंबरीला खिरापतीचे द्रोण लावून देत होता. ती म्हणाली, राहू दे गं, मला मदत होतेय त्याची. मी ऐकते होय? ज्यांचं वर्तुळ आधी पूर्ण होईल त्यांना बक्षीस होतं. मी त्याला हाताला धरून ओढत आणला आणि नळी तोंडाशी धरली.

भिरभिरं फिरलं. बिल्ला आला जांभळा.

जांभळ्या वर्तुळात कादंबरीचा नवरा अजित आणि तिची मुलगी उभी होती. सगळा हॉल फिस्सकन हसला. हृषी लगेच म्हणाला, की श्रावणात आमचं दही बिघडलं, तेव्हा विरजण बिरनाळ्यांकडून आणलं होतं, त्याचा हा प्रताप. लोकांना पटलं. मलाही पटलं. इतकंच काय, मी मोठ्या आवाजात सगळ्यांना विरजणाचे जंतू कसे असतात ते समजावून सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग खिरापतीची पाळी आली. वाटल्या डाळीचे द्रोण आणायला मी आत निघाले, आणि दारातच माझे पाय थांबले. आमच्या घरात दही खाते मी, तेवढं एक मी सोडलं नव्हतं. हृषीला ते किडनीमुळे बंद आहे. विरजणामुळे कुणाचा रंग बदलायचाच होता, तर तो माझा बदलायला हवा होता. मी हिरवी होते. उसनं विरजण महिन्यात आपलं होतं, हे मला तेजलनंच सांगितलं होतं आणि कादंबरीनं ते ऐकलं होतं.

ती ओट्याशी पाठमोरी उभी राहून द्रोण भरत होती. मी विचारलं, "कधीपासून?"

कशाबद्दल, असं तिनं विचारलं नाही. "उन्हाळ्यापासून," ती म्हणाली.

काय देतेस, ते मी विचारलं. तिनं मान खाली घालून सांगितलं. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, वाटीभर दही, आणि वारंवार खपली गव्हाची खीर. खीर त्याला फार आवडते, गूळ जास्त घालून. मी त्याला जे जे तोडलं होतं, ते सगळं तिच्या टेबलावर होतं. त्याच टेबलावर, जिथे आम्ही पोषणाचे खेळ रचत होतो.

"त्याचं ऑपरेशन कशावर अडलंय, ते तुला माहीत होतं," मी म्हटलं.

तेव्हा ती वळली. तिचे डोळे भरले होते आणि मला त्याचीही चीड आली. "त्यासाठीच खातो तो, आसावरी. साखर उतरली की तारीख मिळेल, म्हणून उतरू देत नाही. त्याला भीती वाटते. टेबलावर गेलो की उठणार नाही म्हणतो. तुझी किडनी घेऊन मेलो तर तुझं काय, म्हणतो. माझ्यासमोर बसून रडतो गं. मी काय करू, हाकलून देऊ?"

"मला सांगायचं."

"त्यानं शपथ घातली होती."

बाहेर पोरं खिरापत खिरापत म्हणून ओरडत होती. मी द्रोणांचं ताट उचललं आणि बाहेर नेऊन वाटलं. प्रत्येक पोराचं नाक दाबलं, प्रत्येकाला विचारलं, ओळख पाहू काय आहे. शेवटच्या पोराचं उत्तर येईपर्यंत मी हसत होते. ते कसं जमलं, ते मला विचारू नका.

सोसायटीत नंतर जी कुजबुज झाली तिचा मला राग नाही. लोकांना एकच गोष्ट सुचते. तसलं काही असतं तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलं. त्याला निदान शिव्या तयार असतात. पण माझ्या नवऱ्यानं तिच्याकडे काय नेलं होतं? भीती. मी रोज त्याच्या शेजारी झोपते. माझ्या पोटाला चीर पडणार, माझा अवयव जाणार, म्हणजे घाबरायचा पहिला हक्क माझा होता. तो मी गिळून बसले होते, त्याला धीर यावा म्हणून. आणि हा समोरच्या दारात जाऊन खीर खात रडत होता. आणि ती रोज मला विचारायची, काय गं, आज किती आली साखर?

त्या संध्याकाळी हृषीनं काही नाकारलं नाही. खुर्चीत बसून राहिला. मी वाट्टेल ते बोलले, आणि माझं वाट्टेल ते म्हणजे काय, हे आमच्या मजल्याला माहीत आहे. माझी उपासमार काढली, पुस्तकं काढली, माझं उतरलेलं वजन काढलं. म्हटलं, मी मूर्खासारखी अर्धी भाकरी खात बसले आणि तुम्ही दोघं माझ्यावर हसत होता. हसलो नाही, तो म्हणाला, एकदाही नाही. मग मी विचारलं, की घाबरला होतास तर मला का नाही सांगितलंस.

"तुझ्यासमोर मी पेशंट असतो," तो म्हणाला. "तू ताट आणतेस आणि आधी फोन बघतेस. तिच्याकडे मी नुसता भुकेला असायचो."

हे तो जाणूनबुजून टोचायला बोलला नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी ज्याला जीव लावणं समजत होते, त्याला त्यानं फोन बघणं म्हटलं. फोनवर आकडा कुणाचा होता रे? माझा होता?

"किडनी मी देणार आहे," मी म्हटलं. "ते माझं ठरलं होतं, तुझ्या वागण्यावर ते बदलणार नाही. तू मेलेला मला नको आहेस. पण उद्यापासून तुझं ताट मी वाढणार नाही. आणि मुळीकांना तू काय केलंस, ते तुझ्या तोंडानं सांगायचं."

त्यानं सांगितलं. डॉक्टर त्याच्यावर ओरडले नाहीत, माझ्याकडे मात्र त्यांनी नजर वर करून पाहिलं नाही. दिवाळी उलटली आणि डायलिसिस सुरू झालंच. आठवड्यातून तीनदा तो रिक्षानं जायचा आणि पांढरा होऊन परत यायचा. मी माझ्या हाताखालच्या एका मुलीकडे त्याचं पथ्य सोपवलं आणि त्यातलं काही विचारलं नाही. तो स्वतः शिजवायला शिकला. पहिले काही दिवस मुगाची खिचडी जळायची, वास अख्ख्या घरात. मी माझी भाकरी करून माझ्या खोलीत खायची. फोनवरून त्याच्या साखरेचं पानही काढून टाकलं. एका घरात दोन चुली झाल्या.

'दरवळ'चं तेवढ्यात फार नाव झालं. लग्न जुळवणाऱ्या संस्था ते मागवू लागल्या, मुलगा खरंच एकत्र कुटुंबात राहतो का ते पाहायला. घटस्फोटाच्या खटल्यांत वकील फुंकरीचा पुरावा मागू लागले. वसतिगृहातल्या पोरांच्या आया सुट्टीत त्यांना फुंकर मारायला लावायच्या. आमच्या सोसायटीनं पुढच्या भोंडल्याला मशीन आणायचं नाही असा ठराव केला, आणि पाणीपुरीचा स्टॉल मंजूर केला. मी हात वर केला नाही, खालीही ठेवायची गरज पडली नाही. मी गेलेच नव्हते.

कादंबरीचं दार मी वाजवलं नाही. ती दोनदा आली. दुसऱ्यांदा म्हणाली, मी त्याला उपाशी कसा ठेवू शकत होते. मी म्हटलं, मला ठेवलंस तसा. आणि दार लावलं. दार लावल्यावर तिथेच बसून मी रडले, कारण सई सोडली तर मला कुणी इतकं ओळखलं नव्हतं, आणि आता ती माझ्या ओळखीची राहिली नव्हती.

थंडी सरता सरता हृषीची साखर ताब्यात आली. त्याची त्यानं आणली. मुळीकांनी तारीख दिली. आम्ही दोघं मिरजेतल्या मुळीकांच्या दवाखान्यात, एकाच मजल्यावर, वेगवेगळ्या खोल्यांत दाखल झालो. तो वऱ्हांड्यातून माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, मला फार भीती वाटतेय आसावरी. पहिल्यांदा मला म्हणाला. मी म्हटलं, मलाही वाटतेय. हात धरावासा वाटला. धरला नाही. तो जरा वेळ उभा राहिला आणि परत गेला.

मग सिस्टर आली. तिनं रक्तदाब घेतला, उशी नीट केली, उद्याचं सगळं समजावून सांगितलं. म्हणाली, आठवडाभर तरी राहायला लागेल, तुमच्याबरोबर कोण आहे? मी सांगितलं, मुलगी येतेय बंगळूरहून, उद्या पोचेल, पण तिला वडिलांपाशीच थांबावं लागेल. सिस्टर म्हणाली, मग घरून डबा कोण आणणार? दोघंही इथंच म्हटल्यावर जवळचं कुणीतरी बघून ठेवा, नाव सांगा, गेटवर लिहून देते.

मी तोंड उघडलं. माझ्या जिभेवर एकच नाव आलं, सवयीनं, आणि दातांमागेच थांबलं. सिस्टर पेन धरून वाट बघत होती.

"कँटीनचं चालेल," मी म्हटलं.